पदर येण्याचे साल

गेल्या मार्गशीर्षात आक्काला घेऊन साताऱ्याच्या एका दवाखान्यात गेले होते. तिच्या डाव्या स्तनात हाताला काहीतरी लागत होते आणि ते कोणालाही न सांगता तिने आधी कांद्याची लागण उरकून घेतली होती. मला फोन केला तोही "साताऱ्याला येतीया, कांडी पेढं घ्यायचंत" असा. खरे कारण स्टँडवर उतरल्यावर सांगितले. तपासणारी डॉक्टर तरुण होती, बोलायला गोड होती आणि समोरचा छापील कागद वरून खाली झरझर भरत होती. पहिली पाळी कितव्या वर्षी? अकराव्या. पहिले मूल? अठराव्या. एकूण मुले? तीन. अंगावर पाजले का? "मग काय बाटलीनं?" पाळी जाऊन किती वर्षे झाली? आक्काने बोटांवर मोजून दहा सांगितली. मग डॉक्टरने मान वर न करताच मला विचारले, "तुम्ही रक्ताच्या नात्यातल्या ना? तुमची कधी सुरू झाली होती?" मी तोंड उघडायच्या आत आक्का म्हणाली, "हिला सोळा सरताना पदर आला. म्हणून तर ही मास्तरीण झाली."

डॉक्टर हसली, मीही हसले. गाठ चरबीची निघाली. राहिले ते वाक्य.

आक्का माझी चुलतबहीण, माझ्यापेक्षा दोनच महिन्यांनी मोठी, पण घरातल्या रिवाजाप्रमाणे पाळण्यातल्या दोन महिन्यांचाही मान राखून तिला आक्का म्हणायचे. आम्ही दोघी १९६६ च्या, खटाव तालुक्यातल्या एकाच माळवदाखाली वाढलेल्या, एकाच आजीच्या नाती. आता दोघीही साठीला टेकलो आहोत आणि आमच्या आयुष्यांत म्हणावे असे काही सारखे राहिलेले नाही. हा फरक कशामुळे पडला याचे उत्तर मी इतकी वर्षे माझ्या अभ्यासूपणात, वडिलांच्या शिक्षकी पेशात, क्वचित नशिबात शोधत आले होते. आक्काने ते पाच वर्षांच्या एका फरकात बसवले आणि वर तो हिशेब तिने कधीचाच मांडून ठेवलेला असावा, असे तिच्या सहज स्वरावरून वाटले.

पाळी सुरू होण्याला आमच्याकडे मुलीला पदर आला असे म्हणतात. न्हाण आले, न्हातीधुती झाली, शहाणी झाली, हेही म्हणतात. पण पदर हा शब्द मला सर्वांत नेमका वाटतो, कारण त्यात शरीराचा उल्लेखच नाही. जे आले ते वस्त्र आले, आणि वस्त्र कोणी नेसवायचे, ते डोक्यावरून किती खाली ओढायचे, हे ठरवणारे हात मुलीचे नसतात.

१९७२ च्या दुष्काळात आम्ही सहा वर्षांच्या होतो. मिलोच्या लाल भाकरीची चव आणि शाळेत ओंजळीत मिळणाऱ्या सुकडीचा गोडसर कोरडेपणा मला अजून जिभेवर आणता येतो. आक्काचे वडील, म्हणजे आमचे नाना, मुंबईला गिरणीत होते. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी काकूला आणि आक्काला लालबागच्या खोलीवर नेले. त्या एका खोलीत नानांबरोबर आमच्याच भागातले सहा गडी राहत आणि काकू त्या सर्वांची खाणावळ चालवत असे. म्हणजे गर्दी होती, पण चूल कधी विझत नव्हती. रेशनचा गहू होता, बोंबील होते, दूध होते. मी गावातच राहिले, दोनदा विषमज्वराने झोपले, आणि चौथीच्या वर्गात पाठीमागच्या बाकावर बसवावे एवढी उंचीही माझ्याकडे नव्हती.

पुढे कितीतरी वर्षांनी माझ्या वाचनात स्वीडनमधील एक अभ्यास आला. भारतातून दत्तक गेलेल्या मुलींच्या वाढीच्या नोंदी तिथल्या डॉक्टरांनी ठेवल्या होत्या आणि १९९१ साली त्या प्रसिद्ध झाल्या. त्या मुलींच्या पहिल्या पाळीचे मध्यक वय ११.६ वर्षे भरले, म्हणजे स्वीडिश मुलींच्याही आधी आणि भारतातल्या खात्यापित्या घरच्या मुलींच्याही आधी. उपासमारीत सुरू झालेल्या शरीराला अचानक भरल्या ताटावर बसवले की ते राहिलेली वाढ घाईने उरकू लागते आणि त्या घाईत वयात येणेही अलीकडे ओढले जाते, असा त्याचा सर्वसाधारण अर्थ लावला जातो. मी तो निबंध वाचताना स्वीडन बाजूला ठेवून लालबागच पाहत होते. दहा बाय बाराची ती खोली, दोरीवर वाळणारे सात पुरुषांचे कपडे, आणि १९७७ साली एका सकाळी मोरीत गेलेली, बारावे अजून न लागलेली आक्का.

तिला दुसऱ्याच रात्री एसटीने गावाकडे धाडण्यात आले. सहा परके गडी झोपतात त्या खोलीत पदर आलेली पोर कुठे ठेवायची, हा काकूचा प्रश्न अगदी रोकडा होता. पाळी आली म्हणून आक्काचे राहण्याचे गाव बदलले, शाळा बदलली, आई लांब गेली. ती फ्रॉकात उतरली होती. दिवेलागणीपर्यंत आजीने तिला परकर-पोलक्यात आणले. माझ्या वडिलांनी पंचांग काढून तिथी आणि नक्षत्र पाहिले, नक्षत्र वाईट निघाले, गुरुजींना बोलावून शांत करावी लागली. पाचव्या दिवशी तिला न्हाऊ घालून पाटावर बसवले, ओटी भरली, बायकांनी गाणी म्हटली. हिरव्या बांगड्या, नवे कोरे कापड, साजूक तुपातला शिरा. मी दाराआडून ते पाहत होते, आणि आज सांगायला लाज वाटत नाही म्हणून सांगते, मला तिचा कमालीचा मत्सर वाटला. शिऱ्याच्या पातेल्याची खरवड मला मिळाली. पुढची पाच वर्षे मी देवापुढे जे मागत होते ते चांगले गुण नव्हते.

गावात शाळा सातवीपर्यंत. हायस्कूल पाच किलोमीटरवर, मधे ओढा आणि ओसाड माळ. मला तो माळ पार करायची परवानगी होती, कारण मी आजीच्या लेखी अजून पोरच होते. आक्काला नव्हती. ती खुरपायला जाऊ लागली आणि संध्याकाळी माझ्या पुस्तकांची पाने नुसतीच चाळत बसू लागली.

वयात येण्याचा काळ आणि स्त्रीची जोडीदाराची निवड यांचा संबंध शोधणारे एक मोठे शास्त्रच आहे, हे मला निवृत्तीच्या सुमारास कळले. त्याची सुरुवात ज्या लेखनापासून सांगतात त्यांतील एक निबंध १९८२ चा आहे. पॅट्रिशिया ड्रेपर आणि हेन्री हार्पेंडिंग या अमेरिकेतील मानववंशशास्त्रज्ञांनी त्यात असे मांडले की, बाप घरात नसलेल्या मुली पुरुषाच्या टिकण्यावर फारसा भरवसा न ठेवण्याचे बालपणीच शिकतात आणि त्यांचे पुढचे वागणे त्या बेताने घडते. १९९१ साली जे बेल्स्की, लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि ड्रेपर यांनी त्याला शरीराची जोड दिली. बालपण अस्थिर आणि ताणाचे असेल तर शरीर लवकर वयात येते. अशा स्त्रीचे संबंध लवकर जुळतात, कमी टिकतात, मुले लवकर होतात. बालपण निवांत असेल तर सगळेच सावकाश घडते, आणि थोड्या मुलांवर जास्त जीव लावला जातो. पुढच्या संशोधकांनी स्त्रियांसमोर संगणकावर पुरुषांचे चेहरे मांडले. एकाचा जबडा रुंद केलेला, भुवया दाट केलेल्या. त्याच चेहऱ्याची दुसरी आवृत्ती मवाळ. लवकर वयात आलेल्या स्त्रिया रांगड्या चेहऱ्याकडे अधिक झुकतात का, हे त्यांना पाहायचे होते.

वाचताना मला आमच्या गावची चैत्रातली यात्रा आठवली.

बायकांना कुस्तीच्या फडात जायची मुभा नव्हती, पण आमच्या माळवदावरून तो पुरा दिसे. तेराव्या-चौदाव्या वर्षी आम्ही दोघी तिथे पोटावर पालथ्या पडून, हनुवटी कठड्यावर टेकून बघत असू. हलगीचा कडकडाट छातीत उतरे, तांबड्या मातीचा धुरळा उन्हात तरंगे. लाल लांगेचा एक पैलवान होता, कोरेगावकडचा. त्याने प्रतिस्पर्ध्याला खाली घेतले की आक्का माझे मनगट इतके घट्ट आवळी की बांगडी रुतून वळ उठत. तिच्या श्वासाची लय बदललेली मला ऐकू येई आणि तिचा अर्थ मला मुळीच कळत नसे. मी पाहत होते ते फडाच्या कडेला खुर्ची टाकून इनामाची नोंद करणाऱ्या एका किडकिडीत माणसाला, ज्याच्या कानावर पेन होते आणि जो खाडाखोड न करता लिहीत होता. संशोधकांनी तेव्हा माळवदावर येऊन आमची नोंद घेतली असती, तर त्यांचा सिद्धांत एका दुपारी सिद्ध झाला असता. मी पुढे पंचविसाव्या वर्षी, स्वतः बघून, शाळेतल्या ज्या सहकाऱ्याशी लग्न केले तोही किडकिडीत आहे आणि अजूनही खाडाखोड करत नाही. आम्हाला एकच मूल आहे, तेही ठरवून. माझे वडील रोज संध्याकाळी सहाला घरी असत. सिद्धांतातली सावकाश बाई म्हणून माझा फोटो छापावा, इतकी मी त्यात बसते, आणि इतके चपखल बसल्याचा मला रागही येतो.

पण आक्का बसत नाही. म्हणजे पसंतीत बसते, लग्नात बसत नाही. तिला जो नवरा मिळाला तो पैलवानाच्या आसपासही नव्हता. बारीक अंगाचा, दम्याचा, मितभाषी माणूस. जमेची बाजू एवढीच की पाटाखालची अडीच एकर जमीन होती. त्या माणसाने तिला बेचाळीस वर्षे हाताचे बोट लावले नाही की आवाज चढवला नाही, आणि ती त्याच्याविषयी बोलताना अजूनही "बरा हाय" यापलीकडे जात नाही. संगणकावरच्या चेहऱ्यांच्या अभ्यासांचे निष्कर्ष एका देशातून दुसऱ्या देशात, एका प्रयोगातून दुसऱ्यात तसेच्या तसे उतरत नाहीत, असे वाचले तेव्हा मला नवल वाटले नाही. पसंती असते, तिला लग्नापर्यंत जाणारी वाट असतेच असे नाही.

बापाच्या गैरहजेरीचेही तसेच. आमच्या भागात कोणाचा बाप गिरणीत असे, कोणाचा गोदीत, कोणाचा पलटणीत. तो घरी नसे म्हणजे घर मोडलेले नसे. दर महिन्याला मनिऑर्डर येई आणि पोस्टमन त्याच्या नावाने हाक मारी. खरे मोडले ते बाप परत आल्यावर. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि होळीपर्यंत आमच्या गावच्या पारावर मुंबईचे शर्ट घातलेले पुरुष दिवसभर बसलेले दिसू लागले. नानाही त्यांत होते. म्हणजे ज्या वर्षी अमेरिकेत बाप घरी नसण्यावर तो निबंध छापला गेला, त्याच वर्षी आमच्याकडे झाडून सगळे बाप घरी आले होते. वैशाखात आक्काचे लग्न लागले. मुलीचे वय अठराच्या आत चालणार नाही असा कायदा १९७८ मध्ये झाला होता. तिला सोळा होती आणि ते मांडवात कोणाच्या ध्यानीही नव्हते.

इथे मी आक्काच्या हिशेबाला अडखळते. लग्न पदर आल्यामुळे झाले की पगार थांबल्यामुळे? नानांचा पगार चालू असता तर ती आणखी दोन वर्षे राहिली असती असे मला वाटते. मी तिला हे दवाखान्याच्या बाकावर बोललेही. ती म्हणाली, "संप तुमच्या घरातबी झाला असता, तर तुला दिली असती व्हय?" तिला हळद लागली त्या दिवशी मला पदर आलेला नव्हता. आजीने त्याच महिन्यात मला साताऱ्याला डॉक्टरकडे दाखवून आणले होते, आणि परतताना बसमध्ये बाजूच्या बाईला हळू आवाजात म्हणाली होती, "आमची ही अजून कच्चीच हाय." कच्च्या फळाला गिऱ्हाईक नसते. त्या कच्चेपणाच्या आडोशाला मी दहावी झाले, आणि तो संपेपर्यंत बारावीचा फॉर्म भरून झाला होता.

एरिका फील्ड आणि अत्तिला अम्ब्रस यांचा २००८ चा बांगलादेशावरचा एक निबंध आहे. ग्रामीण भागात मुलीची पाळी सुरू होईपर्यंत लग्न थांबते, मग फार थांबत नाही. तेव्हा पाळी उशिरा आलेल्या आणि लवकर आलेल्या मुलींची तुलना केली तर लग्न लांबण्याचा परिणाम वेगळा काढता येतो, अशी त्यांची युक्ती होती. लग्न एका वर्षाने लांबले की शिक्षण ०.२२ वर्षाने वाढते, असा आकडा त्यांना मिळाला. पाश्चात्त्य अभ्यासांत वयात येण्याचा काळ स्त्रीच्या मनावर काय करतो हे विचारतात. या निबंधात तो काळ इतरांना काय करायला लावतो हे मोजले होते. मला तो घरचा वाटला. आक्का सातवी पास आहे, तिने तो वाचलेला नाही, आणि तिचे वाक्य त्याचा नेमका सारांश आहे.

तरी शरीर त्यातून वजा करता येत नाही, हेही मला मान्य करावे लागते. २०१७ च्या एका अभ्यासात सुमारे ३,७०,००० स्त्रियांची जनुके तपासली गेली आणि पहिल्या पाळीच्या वयाशी निगडित ३८९ जागा सापडल्या. माणसाला लवकर वयात आणणारी जनुकांची काही रूपे पहिले मूल लवकर होण्याशीही जोडलेली दिसतात. त्याआधी २००६ मध्ये जेन मेंडल आणि सहकाऱ्यांनी जुळ्या बहिणींच्या मुली पडताळल्या: एकीच्या घरी सावत्र बाप, दुसरीच्या घरी नाही, तरी त्या मावसबहिणींच्या पाळीच्या वयात फरक निघाला नाही. म्हणजे आपण ज्याला घरचा ताण म्हणतो, त्यातला काही भाग आईकडून रक्तात आलेला असू शकतो. आक्काच्या दोन्ही मुलींना तेराव्या वर्षी पाळी आली. कोणत्या रकान्यात हे टाकायचे, ते मला ठरवता आलेले नाही.

मुले किती हवीत, कधी हवीत, हा प्रश्न या अभ्यासांच्या प्रश्नावलीत असतोच. मी तो एकदा आक्काला विचारून पाहिला होता. "हवीत म्हंजी? झाली." अठराव्या वर्षी मुलगी, विसाव्या वर्षी मुलगी, तेविसाव्या वर्षी मुलगा, आणि मुलगा तीन महिन्यांचा असताना शिबिरात जाऊन ऑपरेशन. चोविसावे लागायच्या आत तिचे सगळे नियोजन आटोपले होते आणि त्यातला एकही निर्णय तिने निर्णय म्हणून घेतलेला नव्हता. त्याच वयात मी नोकरीच्या आदेशाची वाट बघत होते. दुसरे मूल नको असे मी आणि नवऱ्याने रात्री दिवा मालवून, कुजबुजत ठरवले, तेव्हा आपण फार स्वतंत्र आहोत असे मला वाटले होते. आता वाटते, उशिरा सुरू झालेल्यांना हिशेब करायला वेळ मिळतो इतकेच. त्याला स्वभाव म्हणावे की सवड?

२००७ मध्ये सातारा जिल्हा परिषदेने नवविवाहितांसाठी एक योजना काढली होती. पहिले मूल दोन वर्षे लांबवले तर ५,००० रुपये, तीन वर्षे लांबवले तर ७,५०० रुपये. वर्तमानपत्रांनी तिला हनिमून पॅकेज असे नाव दिले. आक्काची थोरली तेव्हा नुकतीच लग्न होऊन जवळच्याच गावात नांदत होती. उपकेंद्रातली नर्सबाई घरी येऊन गेल्याचे तिने माहेरी सांगितले, तेव्हा मीही तिथे होते. आक्का शेंगा फोडत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "मला कुणी पाच हजार दिलं असतं, तर मी धा वरसं थांबलं असती." मुलगी हसली. आक्का हसली नाही. टरफलांचा ढीग तिने पायाने एका बाजूला सारला आणि पुन्हा फोडायला लागली.

दवाखान्यातल्या त्या कागदावर एक गंमत आहे, ती मी डॉक्टरला विचारून घेतली. पाळी जितकी लवकर येते तितका स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो; ११७ अभ्यास एकत्र करून २०१२ साली निघालेला आकडा दर वर्षामागे सुमारे ५ टक्के असा आहे. उलट पहिले बाळंतपण लवकर झाले, मुले जास्त झाली, अंगावर जास्त पाजले, तर धोका घटतो. म्हणजे आक्काचे अकरावे वर्ष तिच्या विरुद्ध जाते आणि अठरावे, विसावे, तेविसावे तिच्या बाजूने उभे राहते. माझे सोळावे मला जपते, आणि माझी मास्तरकी, माझे उशिराचे एकुलते मूल माझ्या अंगावर येते. मी हे आक्काला समजावून सांगितले, तेव्हा तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "म्हंजी कागदावर आपुन दोघी फिट्टमफाट?" मी होकार दिला. तिला ते फार पटलेले दिसले नाही.

मोती चौकात पेढे घेतले, कारण खोटे कारणही तिला खरे करून घरी न्यायचे होते. मग वडूजची गाडी पकडली. मला तिला एकटीला पाठवायचे नव्हते. खिडकीकडे ती बसली. वाटेत तिच्या पुण्याच्या नातीचा व्हिडिओ कॉल आला. दहा वर्षांची आहे, शाळेच्या कबड्डी संघात निवड झाल्याचे सांगत होती. आक्काने फोन लांब धरून तिला उभे राहायला सांगितले, वरपासून खालपर्यंत निरखले, आणि फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "उंच झालीया. अजून काय न्हाई." मग बराच वेळ बोलली नाही. मीच विचारले, तुला त्या वेळी कोणी विचारले असते, तर तू काय सांगितले असतेस? तिने उत्तर दिले नाही. ऐकले नसेल असे समजून मी डोळे मिटले.

कोरेगाव मागे पडल्यावर तिने मला कोपराने ढोसले.

"तो लाल लांगेवाला कुठल्या गावचा गं?"

मला गाव आठवत होते. सांगितले.

"हां," ती म्हणाली, पेढ्यांचा पुडा मांडीवर नीट केला, आणि बाहेर बघत राहिली. "सुटला असंल आता. पैलवान लोकं वय झालं की लई सुटत्यात."